ड्यूनमधली खजुराची वीस झाडं

परवा ऑफिसातल्या एका मैत्रिणीने विचारलं, ड्यूनचे दोन्ही भाग बघितले, जाम आवडले, आता पुस्तक हातात घेऊ का, की त्याने सिनेमाची मजा जाईल? मी डबा उघडायच्या आधी बोलायला लागले आणि सुट्टी संपली तरी पहिल्या प्रकरणाच्या पुढे गेले नव्हते. तेव्हाच ठरवलं की हे एकदा बसून लिहून काढायचं, कारण हा विषय माझ्या डोक्यात आठ-दहा वर्षं घोळतोय आणि त्याचं कारण नुसतं सिनेमाचं वेड नाहीये.

मी ड्यून पहिल्यांदा वाचलं ते एप्रिल २०१६ मध्ये, लातूरला, आईबाबांच्या घरी. ज्यांना तो उन्हाळा आठवतोय त्यांना वेगळं सांगायला नको. मांजरा धरण कोरडं पडलेलं, नळाचा पत्ता नाही, पाणी भरायच्या टाक्यांपाशी हाणामाऱ्या होतील म्हणून मार्चमध्येच जमावबंदी लावलेली, आणि मग मिरजेहून पाण्याची रेल्वे सुरू झाली. १२ एप्रिलला पहिली गाडी आली तिला १० वॅगन होत्या, म्हणजे साधारण ५ लाख लिटर, नंतर ५० वॅगनची गाडी यायला लागली. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, टँकर आला की हंडे-कळशा घेऊन खाली पळायला घरात कोणी नव्हतं म्हणून मी पुण्याहून रजा टाकून गेलेले. टँकरचा काही नेम नसायचा, रात्री दीडलासुद्धा यायचा. जागं राहायला काहीतरी जाडजूड हवं म्हणून बॅगेत हे पुस्तक टाकलेलं, अप्पा बळवंत चौकातून सेकंडहँड घेतलेलं, आधीच्या मालकाने पहिली वीस पानं पेन्सिलने रेघा मारून सोडून दिलेलं.

आणि त्यात काय, तर अराकिस नावाचा ग्रह, सगळा वाळवंट, जिथे माणसं घाम आणि श्वासातलं पाणीसुद्धा वाया जाऊ देत नाहीत, अंगभर एक सूट घालतात ज्यात शरीरातून बाहेर पडलेलं सगळं पाणी गाळून परत प्यायला मिळतं. आमच्याकडे तेव्हा आई आम्हाला टबात बसून आंघोळ करायला लावायची, ते पाणी बादलीत, बादलीतलं फरशीला आणि फरशीचं संडासात. मला त्या पुस्तकातला वाळवंट कल्पनेने उभा करावाच लागला नाही.

पुस्तकात सुरुवातीच्या भागात एक प्रसंग आहे. ड्यूकचं कुटुंब नुकतंच अराकिसला राहायला आलंय, जेसिका (म्हणजे ड्यूकच्या मुलाची, गोष्टीचा नायक पॉलची, आई) आणि घरचे डॉक्टर युए खिडकीपाशी उभे आहेत. बाहेर खजुराची वीस झाडं आहेत आणि रस्त्याने जाणारे लोक थांबून त्या झाडांकडे विचित्र नजरेने बघतायत. जेसिकाला कळत नाही का बघतायत. युए तिला हिशोब सांगतो: एका झाडाला दिवसाला ४० लिटर पाणी लागतं, माणसाला ८ लिटर, म्हणजे एक झाड म्हणजे पाच माणसं, आणि झाडं वीस आहेत, म्हणजे ते लोक शंभर माणसांकडे बघतायत. मी हे वाचलं तेव्हा खाली टँकरचा हॉर्न वाजला, पुस्तक तसंच उलटं टाकून मी पळाले, आणि रांगेत उभी असताना समोरच्या बंगल्यातल्या हिरव्यागार लॉनकडे नजर गेली. मी रोज बघायचे ते लॉन. त्या रात्री वेगळं दिसलं.

ड्यून १९६५ साली आलं, त्याआधी अ‍ॅनालॉग मासिकात ते क्रमशः येत होतं. लेखक फ्रँक हर्बर्ट. पुस्तकाला वीसेक प्रकाशकांनी नकार दिला आणि शेवटी ज्यांनी छापलं ते चिल्टन, ज्यांचं नाव गाड्या दुरुस्तीच्या मॅन्युअल्ससाठी होतं. पुस्तकाच्या शेवटी नकाशा, शब्दकोश आणि चार परिशिष्टं, त्यातलं एक तर नुसतं त्या ग्रहाच्या पर्यावरणावर. तेव्हापासून हे पुस्तक पडद्यावर आणायला किती जण झटले! सत्तरच्या दशकात अलेहान्द्रो होदोरोव्स्कीने घाट घातला, मोबियस चित्रं काढत होता, गीगर राक्षसी किल्ले डिझाइन करत होता, चित्रकार साल्वादोर दाली सम्राटाची भूमिका करणार होता, आणि तो सिनेमा कधी झालाच नाही. मग १९८४ मध्ये डेव्हिड लिंचचा, २००० मध्ये अमेरिकन टीव्हीवर जॉन हॅरिसनची तीन भागांची मालिका, आणि आता डेनी विलनवचे दोन, २०२१ आणि २०२४.

आता सगळे म्हणतात हे पुस्तक सिनेमात आणणं अवघड कारण त्यात शेकडो मीटर लांबीचे वाळूतले किडे आहेत, युद्धं आहेत, पन्नास घराणी आहेत. मला हे कधीच पटलं नाही. किडा करता येतो. पैसे आणि चांगले लोक असले की किडा होतो. अवघड काय आहे ते पुस्तकाचं कुठलंही पान उघडलं की दिसतं, ते म्हणजे तिरक्या अक्षरातली वाक्यं. या पुस्तकात माणसं जेवढं बोलतात तेवढंच, कधी जास्तच, मनात बोलतात. आणि एकाचंच मन नाही, एकाच खोलीत पाच माणसं असली तर हर्बर्ट पाचही जणांच्या डोक्यात जाऊन येतो. कोण काय लपवतंय, कुणाला ते कळलंय, कळलंय हे तिसऱ्याच्या लक्षात आलंय का, पुस्तकाचा अर्धा थरार तिथे आहे. तलवारी नंतर निघतात. कॅमेऱ्याला माणसाचं फक्त तोंड दिसतं.

लिंचने यावर सगळ्यात सरळ उपाय केला, विचार ऐकवले. पात्र गप्प उभं असतं आणि कुजबुजता आवाज येतो. सुरुवातीलाच राजकन्या इरुलान कॅमेऱ्याकडे बघून सगळं जग समजावून सांगते. अमेरिकेत तर थिएटरमध्ये प्रेक्षकांना शब्दांचे अर्थ छापलेला कागद वाटला होता. मला या माणसाबद्दल राग नाही हे आधी सांगते, कारण फायनल कट, म्हणजे शेवटची काटछाट ठरवायचा हक्क, त्याच्या हातात नव्हता, एवढं मोठं पुस्तक १३७ मिनिटांत बसवायचं होतं, नंतर टीव्हीसाठी जी लांबवलेली आवृत्ती केली तिच्यावरून त्याने आपलं नाव काढून घेतलं. पण कुजबुजीचा प्रॉब्लेम असा की पुस्तकात विचार वाचताना आपण त्या माणसाच्या आत असतो, आणि सिनेमात तोच विचार कानावर आला की आपण बाहेर फेकले जातो, कारण समोर चेहरा दिसतोच आहे आणि वरून आवाज तेच सांगतोय. दोन्ही एकदम चालू असलं की चेहऱ्याला कामच उरत नाही.

यासाठी एकच सीन घेऊ, तो दोघांनी केलाय. पेटीचा. म्हातारी रेव्हरंड मदर (जेसिकाच्या पंथातली मोठी गुरू) पॉलला एका पेटीत हात घालायला लावते, मानेपाशी विषारी सुई धरते, हात काढलास तर मरशील. पेटीत नुसती वेदना असते, हात जळतोय असं वाटतं पण जळत नसतो. पुस्तकात हे सगळं पॉलच्या मनात घडतं. आईने शिकवलेला भीतीवरचा मंत्र तो मनात म्हणतो, कातडी जळून गळतेय असं त्याला जाणवतं, आणि बाहेरून बघितलं तर काय, एक पंधरा वर्षांचा मुलगा पेटीत हात घालून उभा. लिंचने मंत्र पॉलच्या आवाजात मागून ऐकवला आणि हात भाजताना दाखवला. विलनवने जे केलं ते बघून मी थिएटरमध्ये शेजारच्या बहिणीचा हात दाबला. त्याने मंत्र पॉलकडून काढून घेतला आणि दाराबाहेर उभ्या जेसिकाला दिला. आत मुलगा मरतोय की जगतोय हे तिला माहीत नाही, तिने स्वतः हीच परीक्षा दिलेली आहे, आणि ती थरथरत ओठांतल्या ओठांत म्हणतेय. पुस्तकातही जेसिका बाहेरच उभी असते, पण आपण तिच्याबरोबर उभे नसतो. फक्त कॅमेरा दाराच्या दुसऱ्या बाजूला नेला आणि एकाच्या मनातली गोष्ट दुसऱ्याच्या तोंडात आली, चोरून नाही, हक्काने, कारण मंत्र मुळात तिचाच आहे. तिने त्याला शिकवलाय. मला वाटतं रूपांतर म्हणतात ते हे.

हा पहिला भाग मी कधी बघितला तेही सांगायला हवं. २२ ऑक्टोबर २०२१ ला महाराष्ट्रातली थिएटरं कोविडनंतर परत उघडली, निम्म्या खुर्च्या रिकाम्या ठेवायच्या अटीवर, आणि ड्यून पण त्याच शुक्रवारी लागला. दीड वर्षाहून जास्त काळाने मी अंधारात बसत होते. मधली खुर्ची सोडून बसायचं होतं, मी आणि बहीण बसलो तसंच, पण हात मात्र पोचत होता.

आणि खजुराची झाडं आली. मी वाटच बघत होते, मला वाटलेलं ती गाळलेली असणार, कारण खिडकीत उभं राहून दोन माणसं भागाकार करतायत हे सिनेमात कोण ठेवेल. तर ती होती. फक्त युए नाही, जेसिका नाही, खिडकी नाही. पॉल बाहेर उन्हात येतो आणि तिथे एक माळी झाडांना पाणी घालत असतो, तो सांगतो की एकेक झाड रोज पाच माणसांचं पाणी पितं, वीस झाडं, शंभर जीव. पॉल विचारतो, मग काढून टाकायची का, पाणी वाचेल. माळी म्हणतो नाही नाही, ही पवित्र आहेत, जुनं स्वप्न आहे. सीन मिनिटभराचा. पुस्तकात ते वाक्य एक दुःखी, विद्वान, परका माणूस एका परक्या बाईला सांगतो, सिनेमात ते तिथला माणूस सांगतो ज्याच्या हातात पाण्याचं भांडं आहे. आणि पुढे रात्री हल्ला होतो तेव्हा तीच झाडं पेटलेली दिसतात. एक शब्द नाही. हिशोब आपण आधीच ऐकलेला असतो. नंतर घरी लॅपटॉपवर आईला दाखवला तेव्हा तिला बाकी घराणी, सम्राट, स्पाइस (अराकिसवर मिळणारा तो पदार्थ, ज्यावर सगळं साम्राज्य चालतं) काही नीट लागत नव्हतं, आणि सारखं विचारत होती हा कोण तो कोण, पण झाडं पेटली तेव्हा ती "अगं!" म्हणाली आणि पुढे दहा मिनिटं काही विचारलं नाही.

थुंकण्याचा सीन पण असाच. स्टिलगार, म्हणजे अराकिसच्या वाळवंटात राहणाऱ्या फ्रेमेन लोकांचा पुढारी, ड्यूकसमोर येतो आणि टेबलावर थुंकतो, सगळ्यांचे हात तलवारीवर जातात, आणि ड्यूकचा माणूस डंकन म्हणतो की तुमच्या अंगातलं पाणी दिल्याबद्दल आभार. पुस्तकातून जवळजवळ जसाच्या तसा उचललाय, कारण त्यात सगळं बाहेर आहे, मनात काही नाही. अशा जागी दिग्दर्शकाने फक्त मध्ये येऊ नये एवढंच.

पण प्रत्येक ठिकाणी असं जमलेलं नाही आणि ते न बोलणं बरोबर होणार नाही. डॉक्टर युएचंच घ्या. पुस्तकात दुसऱ्याच प्रकरणात आपल्याला सांगून टाकलंय की युए दगा देणार आहे. व्हिलन बसून मोठ्याने प्लॅन सांगतो, नावासकट. पहिल्यांदा वाचताना मला वाटलं अरे हे काय, सस्पेन्स घालवला. पण मग लक्षात येतं की आता युए जेव्हा जेव्हा प्रेमाने बोलतो, पॉलला पुस्तक भेट देतो, जेसिकाशी झाडांबद्दल बोलतो, तेव्हा आपल्याला माहितीये आणि त्यांना नाही, आणि युएला स्वतःची लाज वाटतेय ते पण आपल्याला दिसतंय. महाभारत ऐकताना कर्णाचं काय होणार हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून काय त्याने कवचकुंडलं काढून दिली तेव्हा कमी वाईट वाटतं का! विलनवने हे नाव लपवलं. दगा झाला की धक्का बसतो, पण तो दोन मिनिटांचा धक्का आहे, आणि त्यासाठी पुस्तकभरचं दुखणं गेलं. शिवाय युएच्या कपाळावरची ती हिऱ्याच्या आकाराची खूण म्हणजे काय, असा डॉक्टर दगा देऊच शकत नाही असं सगळं साम्राज्य का मानतं, हे सिनेमात येतच नाही, त्यामुळे त्याच्यावर कुणी संशय का घेत नाही हेही कळत नाही. मला हा निर्णय चुकीचाच वाटतो. दोन सिनेमे मिळून पाच तासांहून जास्त वेळ होता, युएला अजून सहा-सात मिनिटं देता आली असती.

टीव्ही मालिकेने उलट केलं. साडेचार तासांच्या आसपास वेळ होता त्यामुळे राजकारण बरंच ठेवलं, इरुलानला खरंच काहीतरी काम दिलं. प्रागमधल्या स्टुडिओत वाळवंट केलंय, मागे रंगवलेले पडदे दिसतात, पण प्रकाश कॅमेरामन व्हित्तोरिओ स्तोरारोचा आहे आणि तो नाटकासारखा रंग बदलत राहतो. कोणाला गोष्ट समजून घ्यायची असेल तर मी अजूनही तीच बघायला सांगते. पण तहान लागत नाही ती बघून. याहून जास्त मला तिच्याबद्दल बोलायचं नाहीये.

लिंचच्या शेवटाबद्दल मात्र बोलायचंय, कारण तो मी त्याच २०१६ च्या मे महिन्यात बघितला, पुस्तक संपल्यावर लगेच, लातूरलाच, आई भाजी निवडत शेजारी बसलेली. शेवटी पॉल जिंकतो आणि अराकिसवर पाऊस पडतो. धो धो. लोक तोंड वर करून उभे. मला आणि आईला रडू आलं, खरंच, कारण आमच्या खिडकीबाहेर तेव्हा आभाळ नुसतं पांढरं होतं. आणि रात्री झोप लागेना, कारण हळूहळू डोक्यात यायला लागलं की हे चूक आहे. म्हणजे भयंकर चूक आहे. पुस्तकात अराकिसवर पाऊस पडणं हा चमत्कार नाहीये, ते संकट आहे, कारण पाणी त्या किड्यांसाठी विष आहे, किडे मेले की स्पाइस संपला, स्पाइस संपला की सगळं साम्राज्य थांबलं. आणि हिरवळ आणायचं जे स्वप्न आहे ते फ्रेमेन लोक थेंब थेंब साठवून बघतात, त्यांना सांगितलेलं असतं की याला ३०० ते ५०० वर्षं लागतील, तुम्ही बघणार नाही, तुमची पोरं बघणार नाहीत, तरी साठवा. त्यांच्या गुहेत पाण्याचं तळं असतं, ३ कोटी ८० लाख डेकालिटर, आणि तहानेने मेले तरी त्यातलं कोणी पीत नाही. मी तेव्हा हिशोब केला होता, म्हणजे ३८ कोटी लिटर, आपल्या मिरजेच्या ५० वॅगनच्या गाडीच्या १५२ फेऱ्या. ते पाणी बाजूला ठेवून रोज तहान सोसणाऱ्या माणसांच्या डोक्यावर एका राजपुत्राने चुटकीसरशी पाऊस पाडायचा! मग त्यांनी काय केलं इतकी वर्षं? दुष्काळात राहिलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, पाऊस पाडून देतो म्हणणारा माणूस पहिल्यांदा हवाहवासा वाटतो, आणि नंतर त्याचीच भीती वाटते.

आणि पुस्तक नेमकं याच भीतीबद्दल आहे. हर्बर्टने वारंवार सांगितलंय की लोकांना भारून टाकणाऱ्या नेत्यांपासून सावध राहा म्हणून त्याने हे लिहिलं. पण वाचकांनी पॉलला हीरो करून टाकलं, मग १९६९ मध्ये पुढचं पुस्तक आलं, ड्यून मसाया, त्यात पॉलच्या नावाने झालेल्या युद्धांत किती कोटी माणसं मेली ते सरळ लिहिलंय. आता बघा अडचण कशी आहे, पहिल्या पुस्तकात हा इशारा कुठे आहे? पॉलच्या डोक्यात. त्याला पुढचं दिसतं, आपल्या नावाने झेंडे घेऊन लोक ग्रहांमागून ग्रह जाळत चाललेत हे दिसतं, तो ते टाळायला बघतो आणि टाळता येत नाही. बाहेरून बघणाऱ्याला मात्र दिसतो एक तरुण मुलगा, बापाचा सूड घेणारा, किड्यावर बसणारा, सम्राटाला गुडघे टेकायला लावणारा. म्हणजे डोकं काढून टाकलं की इशारा गेला आणि हीरो उरला. लिंचच्या सिनेमात हेच झालं.

विलनवने इथे दुसऱ्या भागात चानीला, म्हणजे पॉलच्या फ्रेमेन प्रेयसीला, धरलं. पुस्तकातली चानी पॉलवर प्रेम करते, त्याच्यावर विश्वास ठेवते, शेवटी तो राजकारणासाठी राजकन्येशी लग्न ठरवतो तेही स्वीकारते. सिनेमातली चानी म्हणते की ही भविष्यवाणी आम्हाला बांधून ठेवायला बाहेरच्यांनी पेरलीये, आणि शेवटी सगळे गुडघे टेकतात तेव्हा ती एकटी टेकत नाही, निघून जाते. पुस्तकावर प्रेम करणारे खूप लोक यावर चिडलेत, माझा एक मित्र तर अजून या विषयावर माझ्याशी भांडतो. मला तो बदल अगदी योग्य वाटला. पेटीच्या सीनमध्ये मंत्र जसा दाराबाहेर नेला तशीच पॉलच्या मनातली शंका चानीच्या चेहऱ्यावर नेलीये, तिथे ती दिसते, चानी झालेली झेंडाया काही न बोलता नुसती बघते आणि कळतं. एक सांगते, पॉलला फ्रेमेन लोक जे खाजगी नाव देतात ते उसुल, म्हणजे खांबाचा पाया, अरबी शब्द आहे, आपण हिंदी सिनेमात उसूल उसूल ऐकत मोठे झालो तोच. सिनेमाभर तो माणूस त्या नावापासून लांब लांब जात राहतो आणि ते लक्षात ठेवणारी एकटी चानी.

पण त्याची किंमत दिलीये आणि ती मला टोचते. शंका चानीकडे गेली की पॉल एकटा राहत नाही. पुस्तकातला पॉल भयानक एकटा आहे, कारण त्याला माहितीये आणि तो कुणाला सांगू शकत नाही. आणि स्टिलगारचं तर जास्तच वाईट वाटलं. पुस्तकात स्टिलगार कडक, व्यवहारी पुढारी आहे, पॉलचा मित्र आहे, आणि शेवटाकडे एका क्षणी पॉल त्याच्याकडे बघतो आणि त्याला कळतं की आता समोर मित्र राहिला नाही, भक्त उभा आहे. एका वाक्यात एक माणूस हरवतो. सिनेमात स्टिलगार पहिल्यापासून भाविक दाखवलाय, त्याच्या भक्तीवर थिएटर हसतं, हावियेर बार्देम ते इतकं गोड करतो की हसू येतंच, पण मग हरवायला मित्रच उरत नाही. मला वाटतं इथे सोपं केलं.

अलियाचं काय करायचं हा प्रश्न मात्र खरंच सुटण्यासारखा नव्हता. पुस्तकात मध्ये दोन वर्षांहून जास्त काळ जातो, पॉलची बहीण जन्मते, ती लहान पोर असून म्हाताऱ्या बाईसारखी बोलते आणि शेवटी व्हिलनला तीच मारते. लिंचने खरंच लहान मुलगी घेतली आणि ते बघताना अंगावर काटा येण्याऐवजी अवघडल्यासारखं होतं. विलनवने काळच आटवला, जेसिका शेवटपर्यंत गरोदरच आहे, म्हणजे सगळं नऊ महिन्यांच्या आत, आणि अलिया पोटातूनच आईशी बोलते. एक काट मारली आणि तीन अडचणी गेल्या. पण त्याबरोबर पॉल आणि चानीचा पहिला मुलगा पण गेला, जो पुस्तकात लढाईत मारला जातो. दोन वर्षं वाळवंटात राहून तिथला झालेला माणूस आणि काही महिन्यांत देव झालेला माणूस यात फरक पडतोच ना.

आणि पुस्तकात जेमिस नावाच्या फ्रेमेनच्या अंत्यविधीला पॉल रडतो, ज्याला आपण स्वतः मारलं त्याच्यासाठी, आणि सगळे फ्रेमेन अवाक होतात की हा मेलेल्याला आपलं पाणी देतोय, पुढे येऊन त्याच्या गालाला हात लावून बघतात. दुसऱ्या भागात जेमिसच्या अंगातलं पाणी काढून तळ्यात ओततात तो विधी सुंदर दाखवलाय, पण पॉलचे ते अश्रू आणि ते हात नाहीत. हा प्रसंग तर सगळा बाहेरचा होता, कॅमेऱ्यासाठीच लिहिल्यासारखा.

मैत्रिणीला मी सांगितलं की पुस्तक वाच, आणि वाचशील तेव्हा पहिल्या भागातल्या मेजवानीपाशी थांब. लिंचच्या आणि विलनवच्या दोन्ही सिनेमांत ती नाहीये, आणि मला कारण कळतं, कारण त्यात बँकर, स्मगलर, सूट बनवणारा कारखानदार, सगळे एका टेबलाशी बसून गोड बोलतायत आणि खरी लढाई मनात चाललीये, जेसिका प्रत्येकाचा आवाज वाचतेय. कुजबुज लावली तर दहा आवाज लागतील. पण मी हा सीन मनात खूपदा शूट केलाय आणि मला वाटतं फक्त पाण्यावर कॅमेरा ठेवला तर तो होईल. दाराशी घंगाळं ठेवलेली असतात. तिथली पद्धत अशी की पाहुण्यांनी हात बुडवायचे, पाणी मुद्दाम जमिनीवर सांडायचं, टॉवेलला हात पुसून टॉवेल त्याच थारोळ्यात टाकायचा, आणि जेवणानंतर बाहेरच्या भिकाऱ्यांना ते टॉवेल पिळून द्यायचं. ड्यूकला हे कळतं तेव्हा तो हुकूम देतो की हे बंद, त्याऐवजी जेवण चालू असेपर्यंत दाराशी येणाऱ्या प्रत्येकाला पेलाभर पाणी द्या. तिथे उभ्या घरकाम बघणाऱ्या बाईचा चेहरा पडतो, कारण ते पिळलेलं पाणी ती विकणार होती. मग आत टेबलावर ड्यूक सगळ्यांना पेला उचलायला लावतो, बोलतो, आणि प्यायचं सोडून उरलेलं पाणी जमिनीवर ओततो. यजमानाने केलं म्हणजे पाहुण्यांना करावंच लागतं, एकेक जण ओततो. जेसिका बघत असते कोण कसं ओततंय. फक्त काइन्स, तो ग्रहाचा अभ्यास करणारा, ज्याचं ते ३०० वर्षांचं स्वप्न आहे, क्षणभर थांबतो आणि आपला पेला जमिनीवर न ओतता जॅकेटच्या आतल्या पिशवीत रिकामा करतो. जेसिकाने बघितलंय हे त्याच्या लक्षात येतं, तो हसतो, आणि रिकामा पेला तिच्याकडे बघून वर उचलतो.